प्रॉस्पेक्ट फॉलो करताना आधी वय बघा, ऍव्हरेज मागाहून

तुम्ही विचारलंय की मुलगा बारा वर्षांचा, बेसबॉलचं वेड पार डोक्यात गेलंय, अर्जुन निम्मला ह्या टोरांटो ब्लू जेजच्या मायनर लीगमधल्या (म्हणजे मेजर लीगच्या खालच्या, खेळाडू घडवायच्या लीग) पोराचं नाव कळल्यापासून सकाळी उठल्या उठल्या त्याचा बॉक्स स्कोअर (मॅचचा आकड्यांचा तक्ता) बघतो, आणि २०२५ च्या सीझनअखेर त्याचं ऍव्हरेज (दर ऍट-बॅटला, म्हणजे बॅटिंगच्या पाळीला, किती हिट) .२२४ बघून हिरमुसलाय की हा काही आता मेजरला जात नाही. आणि तुमचा स्वतःचा प्रश्न असा की त्याच लेव्हलला .३०० मारणारी पोरं आहेत त्यांचं नाव प्रॉस्पेक्टच्या, म्हणजे पुढे मेजरला जातील अशा होतकरू खेळाडूंच्या, कुठल्या यादीत नाही आणि हा .२२४ वाला मात्र यादीत, हे कसं काय.

आधी सरळ उत्तर देतो, मग पाल्हाळ लावतो. मायनर लीगमधे ऍव्हरेज ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट. आधी वय, मग कुठल्या लेव्हलला खेळतोय ते, मग स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) आणि वॉक (चार खराब बॉल सोडून फुकट मिळालेला पहिला बेस), आणि एवढं सगळं बघून झाल्यावर सुद्धा पोरगा वर जाणार कधी हे निम्मं क्लबच्या हिशोबावर ठरतं ज्याचा त्याच्या बॅटशी काडीचा संबंध नसतो.

मी न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला राहतो, समरसेट पेट्रियट्सच्या स्टेडियमपासून जवळच. २०२१ पासून ही यांकीजची डबल-ए (चार पायऱ्यांतली वरून दुसरी) टीम आहे, आणि मधले काही सीझन मी तिथं प्रेस बॉक्समधे बसून प्रत्येक पिचची (टाकलेल्या बॉलची) कॉम्प्युटरवर नोंद करायचं पार्टटाइम काम केलंय, त्यामुळे खालची उदाहरणं बरीचशी यांकीजचीच येतील, मेट्सवाल्यांनी राग मानू नये.

आपल्या लोकांना वाटतं मायनर लीग म्हणजे इथली रणजी. तसं नाहीये हो. रणजीत मुंबईची टीम मुंबईसाठी जिंकायला खेळते. इथं स्टेडियम, तिकिटं, हॉटडॉग, मॅस्कॉट हे सगळं लोकल मालकाचं, पण खेळाडू, मॅनेजर, कोच, ट्रेनर झाडून सगळे मेजर क्लबचे पगारी, आणि मॅच जिंकली तर छानच पण ते पहिलं काम नाही. पिचर एक नंबर टाकतोय, सहावी इनिंग चालू, आणि ठरवून दिलेले पिच संपले की काढला त्याला, मग स्टँडमधून लोक कितीही ओरडू देत. कधी पिचरला सांगूनच पाठवलेलं असतं की आज ते नवीन चेंजअप (फास्टबॉलसारखा वाटणारा पण हळू येणारा बॉल) भरपूर टाक, मार बसला तरी चालेल, आणि बसतोच मार, आणि दुसऱ्या दिवशी तुमचा मुलगा बॉक्स स्कोअर बघून म्हणतो काय भंगार टाकला हा. त्यामुळे एका मॅचच्या आकड्यावरून काहीही ठरवायचं नाही, एका महिन्याच्या सुद्धा नाही.

२०२० चा मायनरचा अख्खा सीझन कोविडमुळे रद्द झाला आणि २०२१ पासून सगळी नवी मांडणी आली. ३० क्लब, प्रत्येकाच्या चार टीम, म्हणजे एकूण १२०. खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्याच्याही खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन समर लीग, तिथं सतरा-अठरा वर्षांची पोरं असतात. बॅटर्सचं सरासरी वय साधारण सिंगल-एला एकवीसच्या आसपास, हाय-एला बावीस, डबल-एला तेवीस-चोवीस, ट्रिपल-एला सव्वीसच्या पुढेमागे. हे चार आकडे मुलाला पाठच करून टाकायला सांगा, अर्धं काम तिथंच होतं.

आता निम्मला घ्या. जन्म ऑक्टोबर २००५ चा. टँपाजवळच्या डोव्हर गावातल्या स्ट्रॉबेरी क्रेस्ट हायस्कूलमधून टोरांटो ब्लू जेजनी त्याला २०२३ च्या ड्राफ्टमधे (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) २० व्या नंबरला घेतला, तेव्हा तो फक्त १७ वर्षांचा होता. २०२४ ला डनीडनमधे सिंगल-एला टाकला तर सुरुवातीला काहीच जमेना, ऍव्हरेज .२०० च्या बऱ्यापैकी खाली, स्ट्राइकआउटच स्ट्राइकआउट. मग क्लबने काय केलं तर मे महिन्यात त्याला मॅचमधून काढून कॉम्प्लेक्समधे नेला, काही आठवडे स्विंगवर काम, पिच ओळखण्यावर काम, आणि मग हळूच परत आणला. परत आल्यावर पोराने होमर (बॉल थेट मैदानाबाहेर) मारायला सुरुवात केली, वर्षअखेर सगळे धरून १७. म्हणजे बघा, अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) त्याच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या, कॉलेज खेळून आलेल्या पिचर्ससमोर १७ होमर मारतो. २०२५ ला व्हँकुव्हरला हाय-ए, जवळपास अख्खा सीझन वयाच्या १९ व्या वर्षी. एप्रिल मस्त गेला, मग उन्हाळ्यात गाडी घसरली, शेवटी .२२४ आणि १३ होमर. पण स्ट्राइकआउटचं प्रमाण आधीच्या वर्षापेक्षा चांगलंच खाली आलं, एक लेव्हल वर जाऊन. मी तर हे बघून खूश झालो होतो. त्याच लीगमधला तेवीस वर्षांचा .३०० वाला हे तेवीसाव्या वर्षी करतोय, त्याला तोपर्यंत डबल-एत असायला हवं होतं, म्हणून त्याचं नाव यादीत नाही. इतकं साधं आहे.

वॉक का बघायचे ते जासन डोमिंगेझवरून सांगतो. यांकीजनी ह्या डॉमिनिकन पोराला २०१९ ला वयाच्या १६ व्या वर्षी ५१ लाख डॉलरला साइन केलं, टोपणनाव ‘मार्शियन’, म्हणजे एक मॅच खेळायच्या आधी हवा किती ते बघा. २०२३ ला वीस वर्षांचा असताना आला समरसेटला. एप्रिल, मे, जून, ऍव्हरेज इतकं खाली की माझ्या मागच्या रांगेत बसणारे एक म्हातारे गृहस्थ दर मॅचला ‘ओव्हरहाइप्ड’ एवढा एकच शब्द बोलून शेंगा सोलायचे. पण प्रत्येक पिचची नोंद करायची म्हटल्यावर वेगळंच दिसतं. काउंट ०-२ (शून्य बॉल, दोन स्ट्राइक) झाला तरी तो बाहेर जाणाऱ्या स्लायडरला बॅट लावायला जात नव्हता, सोडून देत होता, १-२, २-२, एखादा फाउल, ३-२, आणि वॉक. परत पुढच्या वेळेला तेच. बॉल लागला की लाइन ड्राइव्ह पण नेमका फिल्डरच्या हातात. असं जो वीस वर्षांचा बॅटर डबल-एला करतो त्याची काळजी करायची नसते, त्याचे हिट कुठेतरी अडकलेत एवढंच. आणि जुलैपासून सुटले ते. समरसेटमधे १०९ मॅचमधे .२५४, १५ होमर, ३७ बेसच्या चोऱ्या आणि ७७ वॉक. ऑगस्टमधे ट्रिपल-एला स्क्रँटनला फक्त ९ मॅच, आणि १ सप्टेंबरला ह्यूस्टनमधे मेजरचा पहिला ऍट-बॅट, समोर जस्टिन व्हर्लँडर, आणि होमर! आठ मॅचमधे चार होमर आणि लगेच कोपराचं लिगामेंट फाटलं, टॉमी जॉन सर्जरी. हा असा धंदा आहे.

ह्याच्या उलट केस म्हणजे ज्याला खाली सगळं लागतं पण स्ट्राइकआउट तीस-पस्तीस टक्के आहेत. सिंगल-एला पिचर चुका भरपूर करतात, मधोमध फास्टबॉल येतोच कधीतरी, धिप्पाड पोरं तो उचलतात. डबल-एला तो येत नाही. म्हणून सगळे म्हणतात की खरी उडी डबल-एची, मीही तेच म्हणेन, कारण तिथं पहिल्यांदा असे पिचर भेटतात ज्यांना काउंट मागे असताना (बॉल जास्त, स्ट्राइक कमी) वळणारा कर्व्हबॉलही स्ट्राइक टाकता येतो. तिथं जो टिकला त्याला कॉलअप (मेजरचं बोलावणं) थेट येऊ शकतो, ट्रिपल-ए गाळून सुद्धा. ट्रिपल-एमधे तर निम्मे लोक तिशीकडे झुकलेले, वर-खाली करणारे, ज्यांना क्वाड्रपल-ए म्हणतात, ट्रिपल-एला दादा आणि वर गेलं की गप्प.

अपवाद अर्थातच आहेत. ऍरन जज २०१६ ला वर आला, पहिल्याच ऍट-बॅटला होमर, आणि मग ८४ ऍट-बॅटमधे ४२ स्ट्राइकआउट, ऍव्हरेज .१७९. पुढच्या वर्षी ५२ होमर. पण अपवाद धरून हिशोब करायला लागलात तर प्रत्येक स्ट्राइकआउटवाला तुम्हाला जज वाटेल.

मैदान पण बघायला लागतं, थोडक्यात सांगतो. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमधे अल्बुकर्की, रीनो, एल पासो ही सगळी उंचावरची, कोरड्या हवेची गावं, तिथं बॉल उडत जातो. तिथले २५ होमर आणि व्हँकुव्हरच्या समुद्रसपाटीवरच्या थंड हवेतले १३ हे एका तराजूत घालू नका. आणि ट्रिपल-एचा सगळा ट्रॅकिंग डेटा २०२३ पासून बेसबॉल सव्हंट ह्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळतो, एक्झिट व्हेलॉसिटी (बॅटवरून सुटलेल्या बॉलचा वेग), पिचचा स्पिन, सगळं, सिंगल-एच्या फ्लोरिडा स्टेट लीगचाही मिळतो. मधल्या दोन लेव्हलचा मात्र तसा उघड मिळत नाही, तिथं स्टेडियमला जाऊन डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि मला विचाराल तर तेच बरंय.

पिचरचं गणित जरा वेगळं. खालच्या लेव्हलला कॉलेजमधून आलेला, एक चांगला चेंजअप असलेला पिचर पोरांना नाचवतो, इआरए (दर नऊ इनिंगला पिचरच्या खात्यावर पडलेले रन) दोनच्या आत, आणि तुम्ही म्हणता हा तर एस, म्हणजे टीमचा नंबर एकचा पिचर. ड्र्यू थॉर्प तसाच वाटायचा लोकांना, फास्टबॉल काही फार जोरात नाही पण चेंजअप असा की बॅटरची बॅट आधी फिरून मोकळी. २०२३ ला हाय-ए आणि समरसेट मिळून १८२ स्ट्राइकआउट. मी ह्याच्यावर खूश होतो कारण डबल-एला येऊनही त्याचे वॉक वाढले नाहीत. पिचरचं हेच बघा, वर चढताना वॉक वाढतायत का. वेग सगळ्यांना दिसतो, ९८ माइलवाला रस्त्यावर पण सापडेल आता.

आणि इथंच क्लबच्या हिशोबाचा मुद्दा येतो. थॉर्पला यांकीजनी वाढवला आणि डिसेंबर २०२३ ला हुआन सोटोच्या ट्रेडमधे सॅन डिएगोला देऊन टाकला. सॅन डिएगोने मार्च २०२४ ला डिलन सीझसाठी तोच शिकागो व्हाइट सॉक्सला दिला. जूनमधे व्हाइट सॉक्सनी डबल-एमधूनच उचलून मेजरला उतरवला. म्हणजे सहा महिन्यांत तीन क्लब, आणि यांकीजच्या रोटेशनमधे (पाळीपाळीने मॅच सुरू करणाऱ्या पिचरांत) त्याच्यासाठी जागा होण्याची वाट बघत बसावं लागलं असतं तर अजून किती दिवस गेले असते काय माहीत. म्हणून प्रॉस्पेक्ट बघताना त्याच्या वरच्या टीममधे त्याच्या पोझिशनला कोण बसलंय आणि त्याचं कॉन्ट्रॅक्ट कधीपर्यंत आहे हे सुद्धा बघायचं. वर तगडा शॉर्टस्टॉप असेल तर खालचा शॉर्टस्टॉप एकतर सेकंड बेसला सरकतो नाहीतर ट्रेड होतो.

दुसरा हिशोब सर्व्हिस टाइमचा. मेजरच्या रोस्टरवर (टीमच्या यादीवर) १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात, आणि सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या क्लबला जायला मोकळा. ख्रिस ब्रायंटने २०१५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगला (सीझनआधीच्या सरावाला) ९ होमर मारले तरी शिकागो कब्जनी त्याला ट्रिपल-एला आयोवाला पाठवला, म्हणे डिफेन्सवर काम करायचंय, आणि १७ एप्रिलला वर आणला. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! म्हणजे क्लबला तो एक वर्ष जास्त मिळाला. त्याने तक्रार केली, २०२० च्या सुरुवातीला निकाल त्याच्या विरुद्ध लागला. हे इतकं उघड उघड चालायचं की २०२२ च्या करारात नियम आणला, नावाजलेला प्रॉस्पेक्ट पहिल्यापासून टीममधे ठेवला आणि त्याने रुकी ऑफ द इयर (वर्षातल्या सर्वोत्तम नव्या खेळाडूचा मान) जिंकलं तर क्लबला ड्राफ्टमधे एक जादा पिक. सिऍटलला हुलिओ रॉड्रिगेझमुळे मिळाला तसा. आणि रुकीच्या मतदानात पहिल्या दोघांत आला तर दिवस भरले नसले तरी खेळाडूला पूर्ण वर्ष मिळतं. पॉल स्कीन्स ह्याचं झकास उदाहरण, पिट्सबर्गने त्याला २०२४ ला ट्रिपल-ए इंडियनापोलिसला ठेवला, ७ मॅच, इआरए ०.९९, अहो त्याला तिथं शिकण्यासारखं काय होतं? ११ मेला वर आणला. त्याने रुकी ऑफ द इयर जिंकलं, वर्ष पूर्ण धरलं गेलं, आणि क्लबला जादा पिक मिळाला नाही कारण पहिल्यापासून ठेवलाच नव्हता. मला तर हसूच आलं.

तिसरा, रूल ५. साइन होताना १८ किंवा कमी वय असेल तर पाच सीझन, १९ किंवा जास्त असेल तर चार, तेवढ्यात क्लबने ४० जणांच्या रोस्टरवर घेतलं नाही तर डिसेंबरमधे दुसरा कुठलाही क्लब १ लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो, अट एवढीच की पुढचं अख्खं वर्ष मेजरच्या टीममधे ठेवायचा. गॅरेट व्हिटलॉक हा यांकीजचा पिचर, कोपराचं ऑपरेशन झालेला, म्हणून २०२० ला ४० त घेतला नाही, तर उचलला कोणी, बॉस्टनने! २०२१ ला त्याचा इआरए १.९६. इथं अजून लोक दात-ओठ खातात. तर नोव्हेंबरमधे कोणाला ४० त घेतलं ह्या बातमीकडे लक्ष ठेवा, क्लबला कोण खरंच हवाय ते तिथं कळतं, मुलाखतीत तर सगळेच सगळ्यांचं कौतुक करतात. निम्मलाच्या बाबतीत सध्याच्या नियमाने ती वेळ २०२७ च्या हिवाळ्यात येते, म्हणून टोरांटोला घाई नाही.

आता शेवटची पायरी, जिच्याबद्दल मुलाला आत्ताच सांगून ठेवा म्हणजे पुढे रडणार नाही. जॅक्सन हॉलिडे, २०२२ चा पहिल्या नंबरचा पिक. २०२३ ला एकोणीस वर्षांचा असताना एकाच सीझनमधे डेल्मार्व्हा, ॲबरडीन, बोवी, नॉरफोक, चारही लेव्हल पार. असं कोणी करत नाही. १० एप्रिल २०२४ ला बाल्टिमोरने वर आणला आणि १० मॅचमधे ३४ ऍट-बॅटला २ हिट, १८ स्ट्राइकआउट. परत नॉरफोक. जुलैच्या शेवटी परत आला आणि पहिला होमर मारला तोच ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना). तर खाली पाठवणं म्हणजे पोरगा संपला असं नसतं, तीन सीझनपर्यंत क्लबला असं खाली-वर करायची मुभा असते आणि ती सगळेच वापरतात.

कुमार रॉकरचंही तसंच. आईकडचे आजी-आजोबा भारतातून आलेले, वडील ट्रेसी रॉकर फुटबॉलचे मोठे खेळाडू. २०१९ ला व्हँडरबिल्टसाठी ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउटचा नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट नाही). २०२१ ला मेट्सने १० व्या नंबरला घेतला आणि मेडिकल बघून साइनच केला नाही, वर्षभराने टेक्ससने ३ ऱ्या नंबरला घेतला, मग २०२३ ला टॉमी जॉन, मग २०२४ च्या उन्हाळ्यात कॉम्प्लेक्स, फ्रिस्को, राउंड रॉक असं भराभर चढत १२ सप्टेंबरला सिऍटलमधे मेजर पदार्पण. आणि २०२५ मधे परत ट्रिपल-ए. ह्यात कुठं सरळ रेष दिसते का?

आणि बहुतेक जण पोचत नाहीत, हेही सांगा पण हळूहळू. ब्रायन टेलर, १९९१ चा पहिला पिक, यांकीजनी साडेपंधरा लाख डॉलर दिले, १९९३ च्या डिसेंबरमधे मारामारीत खांदा गेला, मेजरचं तोंड पाहिलं नाही. मार्क अपेल, २०१३ चा पहिला पिक, २०१८ ला सोडून गेला, २०२१ ला परत आला आणि २०२२ ला तिशीत फिलाडेल्फियासाठी उतरला. आपले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे, आयुष्यात बेसबॉल बघितला नव्हता, रिॲलिटी शोमधून निवडून २००८ ला पिट्सबर्गने साइन केले. रिंकू सिंगल-ए वेस्ट व्हर्जिनियापर्यंत चढला, मग दुखापती, आणि पुढे कुस्तीच्या रिंगणात वीर महान म्हणून गेला. लोक हसतात त्याला, मी नाही हसत, विशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा बॉल हातात धरून सिंगल-एपर्यंत जाणं म्हणजे काय ते इथं बसून रोज बघितल्यावर कळतं.

पैशाचं एका वाक्यात, २०२३ च्या करारानंतर ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर आणि सिंगल-एचा २६,२०० झाला, त्याआधी तर लाज वाटावी असा होता, आणि मेजरचा किमान २०२४ ला ७ लाख ४० हजार. म्हणून ट्रिपल-एतला तिशीचा माणूस एका कॉलअपसाठी जीव टाकतो.

प्रत्यक्ष बघायचं तर असं करा. आता सगळ्या सीरिज सहा मॅचच्या, मंगळवार ते रविवार, सोमवारी बहुतेक सुट्टी. बऱ्याच टीम सहा स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर) फिरवतात, म्हणजे एखादा पिचर ह्या गुरुवारी आला तर पुढच्या गुरुवारच्या आसपासच येणार, तसं तिकीट काढा. बसायचं होम प्लेटच्या मागे, जरा वर. तिथं रडार गन घेतलेले स्काउट दिसतील, आणि टीमचे त्या दिवशी न टाकणारे पिचर चार्ट भरत बसलेले असतात, पोराला त्यांच्या मागच्या रांगेत बसवा, गप्प बसून ऐकेल तर एका मॅचमधे जेवढं शिकेल तेवढं वर्षभराच्या कोचिंगमधे नाही. मोबाईल खिशात. कागदावर एकाच बॅटरचे चार ऍट-बॅट लिहायला लावा, कुठला पिच सोडला, कुठल्याला गेला, बस, हिट झाला की नाही ते लिहायचंच नाही. पुण्यातल्या भाच्यालाही बघायचंय म्हणालात तर इथल्या संध्याकाळी सातच्या मॅचला तिकडे पहाटेचे साडेचार वाजतात, उठत असेल तर उठू दे.

टोरांटोची डबल-ए टीम न्यू हॅम्पशायर फिशर कॅट्स, आणि ती ईस्टर्न लीगमधेच आहे, म्हणजे ब्रिजवॉटरला खेळायला येते. निम्मला त्या टीममधे असेल तेव्हा वेळापत्रक बघून मंगळवार-बुधवारचं तिकीट काढा, वीकेंडला फटाके आणि गर्दी असते, आणि मॅचच्या आधी एक-दीड तास लवकर या, डगआउटजवळच्या कठड्यापाशी पोरं सही घ्यायला उभी असतात, बॉल आणि निळं पेन बरोबर आणा, पार्किंग स्टेशनच्या बाजूला करा.